पोढी आणि फरशी : जुन्नरच्या परक्यांची दोन हजार वर्षे

मी राहतो ती आळी जुन्नर शहराच्या कडेला आहे. घरांच्या मागच्या भिंतींपलीकडे मळे लागतात आणि मळ्यांपलीकडे कुकडी. आळीतल्या बहुतेक घरांना आडनावाखेरीज गावाने ठेवलेले आणखी एक नाव आहे. कुणी नगरवाले, कुणी परदेशी, कुणी मारवाडातले. आम्ही 'घाटाखालचे'. माझे पणजोबा मिठाच्या बैलांबरोबर मुरबाडकडून नाणेघाट चढून आले आणि परत गेले नाहीत. त्याला शंभराहून जास्त वर्षे झाली. आमच्या चार पिढ्या इथल्या मातीत गेल्या, तरी लग्नाची पत्रिका वाटताना 'घाटाखालच्यांकडे गेली का?' असेच विचारले जाते. त्यात कुचेष्टा नसते. ती एक खूण आहे, पत्त्यासारखी.

शहराच्या नकाशावरही अशा खुणा आहेत. कल्याण पेठ, परदेशपुरा, सय्यदवाडा, माळीवाडा. कुणी कुठल्या वाटेने आले, कुणी काय काम करत होते, ते या नावांत साठून राहिले आहे. अलीकडे मात्र चहाच्या टपरीवर एक वेगळाच सूर ऐकू येतो. मूळचे कोण आणि उपरे कोण, याची मोजदाद करणारा. आळीतल्या मागच्या खोल्यांत आता बांधकामावरचे बिहारी गवंडी आणि टोमॅटो-द्राक्षांच्या हंगामाला आलेली मजूर कुटुंबे भाड्याने राहतात. त्यांच्याकडे बोट दाखवून बोलणाऱ्यांत ज्यांना गाव अजून 'नगरवाले' म्हणते तेही असतात आणि 'घाटाखालचे'ही असतात.

म्हणून या लेखात मला एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. परका माणूस या गावात कसा राहिला, आणि तो इथला झाला हे कशावरून ओळखायचे? मी पदवीधर इतिहासकार नव्हे. एस.टी.त वाहक म्हणून नोकरी केली, ब्राह्मी लिपी तक्त्यावरून शिकलो आणि सुट्टीच्या दिवशी डोंगर पायाखाली घातले. जुन्नरला राहणाऱ्याला या प्रश्नाचे पुरावे शोधायला लांब जावे लागत नाही. ते शहराभोवतीच्या कातळावर कोरलेले आहेत.

ज्यांनी गाव सांगितले नाही

शिवनेरी म्हटले की १६३० हे साल आठवते आणि ते साहजिकच आहे. पण त्याच डोंगराच्या कातळात त्याआधी दीड हजार वर्षे बौद्ध भिक्षूंची वस्ती होती. शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री आणि तुळजा या डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत. एका शहराभोवती इतकी लेणी क्वचितच आढळतात. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी १८८१ साली पश्चिम भारतातल्या लेण्यांतले लेख एकत्र छापले, त्यांत जुन्नरच्या लेखांना मोठी जागा आहे. या लेखांत राजांची नावे थोडी. देणगी देणारे बहुतेक साधे लोक: धान्याचे व्यापारी, सोनार, बांबूकाम करणारे, कासार, गृहस्थ, उपासक.

यांतल्या तीन लेखांत देणगीदार स्वतःला 'यवन' म्हणवतो. मुळात हा शब्द ग्रीकांसाठी होता. पुढे पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांसाठी सैलपणे वापरला जाऊ लागला. शिवनेरीवर चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. मानमोडीवरच्या भूतलेण्यातल्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग चंद नावाच्या यवनाने दिला. त्या कमानीत हत्ती पाणी घालत असलेली लक्ष्मी कोरलेली आहे. आतले काम अपुरे राहिले, पण चंदाने दिलेले दार मात्र आजही डोळ्यांत भरते.

हे लेख वाचताना मला त्यांत जे नाही तेच जास्त बोलके वाटत आले आहे. बाहेरगावचा देणगीदार आपले गाव सांगतो, अशी या लेण्यांतली सर्वसाधारण रीत दिसते. लेण्याद्रीचे चैत्यगृह देणारा सुलसदत हा कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा, असे तिथला लेख सांगतो. बुधमित आणि बुधरखित हे दोघे भाऊ भरुकच्छाचे, म्हणजे भडोचचे. तेही लेखात आहे. कार्ल्याच्या खांबांवरचे यवन आपण धेनुकाकटाचे आहोत असे लिहितात. नाशिकच्या लेण्यातला इंद्राग्निदत्त हा यवन आपण उत्तरेकडचे, दत्तामित्रीचे असल्याचे नोंदवतो. जुन्नरचे तिघे यवन मात्र कुठल्याच गावाचे नाव घेत नाहीत.

याचा मला लागणारा अर्थ साधा आहे. ते इथेच राहत होते. जुन्नरच्या माणसाने जुन्नरच्या डोंगरात दान देताना आपण जुन्नरचे असे लिहायचे कारण नसते. घरच्या देवळात पावती फाडताना आपण गावाचे नाव घालत नाही, तसेच हे.

चिट आणि इरिल यांच्या नावापुढे आणखी एक शब्द येतो: 'गतानं', म्हणजे गतांपैकी. गत हे कोण, यावर बरेच तर्क झाले. स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने १९१२ साली त्यांचा संबंध युरोपातल्या गॉथ लोकांशी लावून पाहिला. तो तर्क फारसा मान्य झाला नाही. पण गॉथ असोत वा नसोत, शब्द बहुवचनी आहे. दोन वेगळ्या लेखांतली दोन माणसे एकाच गटाचे नाव घेतात, म्हणजे हा समूह होता. एकटादुकटा व्यापारी माल विकून निघून गेला, असे हे चित्र नाही. त्यांची वस्ती असणार, आणि अशा वस्त्या बहुधा शहराच्या कडेला, वाट जिथे आत शिरते तिथे असतात.

नावेही पाहण्यासारखी आहेत. इरिल हे नाव इथले नाही. चिट आणि चंद ही मात्र इथली नावे. चित्र आणि चंद्र यांची प्राकृत रूपे. लेखांची भाषा तर तिघांचीही इथलीच प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. म्हणजे कुणी नाव बदलले, कुणी ठेवले, पण सगळ्यांनी भाषा उचलली आणि 'यवन' हा शब्द कुणीच टाकला नाही. तो लपवावा असे त्यांना वाटले नाही आणि तो खोडावा असे गावालाही वाटले नाही.

वाट कुठून येत होती

हे लोक इथे का आले, याचे उत्तर नाणेघाटात उभे राहिले की समजते. कल्याण आणि सोपारा ही बंदरे खाली, जुन्नर वर, पुढे पैठण आणि तेर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी मार्गदर्शिकेत कल्याण, सोपारा, भडोच, पैठण आणि तगर म्हणजे तेर ही नावे एकापाठोपाठ येतात. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांनी गुहा खोदली. तिच्यात नागनिका राणीचा लेख आणि राजघराण्याच्या पुतळ्यांवरची नावे आहेत. बाहेरच्या दगडी रांजणात जकात पडत असे, ही आठवण लोकांनी आजवर जपली आहे.

मुंबईच्या गाडीवर असताना मला सुट्टी लागली की मी या घाटाने खाली उतरत असे. चढताना दम लागतो, पण वाट लबाड नाही. फरसबंदी आहे, जागोजागी पाण्याची टाकी आहेत. इथल्या डोंगरात पाण्याचे गणित विचित्र आहे. चार महिने पाऊस थांबायचे नाव घेत नाही आणि पुढचे सहा-सात महिने हंड्यासाठी पायपीट. कातळात टाके खोदून पावसाचे पाणी धरले तरच उन्हाळा निघतो. बौद्ध भिक्षूंना पावसाळ्याचे महिने एका जागी काढण्याचा नियम होता. त्या काळात सगळ्यांना बसून जेवता येईल अशी कोरडी जागा लागे. यवन इरिलाने पोढ्या का दिल्या आणि यवन चिटाने भोजनमंडप का दिला, ते या डोंगरात दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. इथे कशाची उणीव आहे हे ज्याला कळते, तोच अशी दाने देतो. ती कळायला इथे राहावे लागते.

शकाची जमीन

यवनांच्या शेजारीच शक आहेत. मानमोडीवर महाक्षत्रप स्वामी नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यात ४६ हे वर्ष दिले आहे. अनेक अभ्यासक ते शक संवताचे धरतात, म्हणजे इसवी सन १२४. अयमानेही काय दिले? एक पोढी आणि एक मंडप. राज्यकर्त्या शकांचा मंत्री आणि वस्तीतला यवन, दोघांची दाने एकाच जातीची.

पण माझ्या दृष्टीने त्याहून मोलाचा लेख आहे अदुथुम नावाच्या शकाचा. तो स्वतःला उपासक म्हणवतो आणि कोणाचिक नावाच्या श्रेणीशी त्याचा संबंध आहे. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ. पैसे आणि जमिनी ठेव म्हणून सांभाळणे हेही तिचे काम असे. अदुथुमाने वडालिका गावातल्या करंजाजवळची वीस निवर्तने आणि कटपुटक गावातल्या वडाजवळची नऊ निवर्तने जमीन दिली.

या लेखातली झाडे मला फार महत्त्वाची वाटतात. जमिनीची ओळख करंज आणि वड सांगून पटवली आहे. अशी ओळख फक्त आसपासच्या माणसांना पुरते. 'वडाखालचे रान' म्हटले की कुठले ते ज्यांना कळते, त्यांच्यासाठीच हा लेख लिहिलेला आहे. आजही आमच्याकडे सात-बारा बाजूला ठेवून लोक आंब्याखालचा तुकडा, बाभळीकडचे रान अशाच भाषेत बोलतात. परदेशी वंशाचा, परदेशी नावाचा हा माणूस त्या भाषेत पुरता मुरला होता. तो शकही राहिला आणि शिवारातला भूधारकही झाला. दोन्ही गोष्टी त्याने एकाच ओळीत लिहिल्या.

गरीब या शब्दाचे मूळ

असे सौहार्दाचे चित्र काढून थांबलो तर तो इतिहास अर्धवट होईल. याच मुलखात परकेपणावरून कत्तलही झाली आहे.

बहमनी दरबारात पंधराव्या शतकात दोन तट होते. इथे पिढ्यान्पिढ्या राहिलेले ते दखनी आणि इराण, इराक, तुर्कस्तानकडून नव्याने आलेले ते आफाकी. आफाकींना 'गरीब' असेही म्हणत. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी. आपल्या मराठीत तो शब्द आला आणि त्याचा अर्थ निर्धन असा झाला. परका माणूस आणि हात रिकामे असलेला माणूस यांच्यात भाषेला फार अंतर दिसले नसावे.

शतकाच्या मध्यास दुसऱ्या अलाउद्दीन अहमदशहाच्या कारकिर्दीत खलफ हसन हा आफाकी सरदार सह्याद्रीतल्या मोहिमेवर गेला आणि जंगलात सैन्यासह मारला गेला. वाचलेले लोक चाकणच्या किल्ल्यात आले. फेरिश्ता सांगतो की दखनी सरदारांनी सुलतानाला खोटी खबर पाठवून त्यांना बंडखोर ठरवले, किल्ल्याला वेढा घातला आणि शेवटी अभय देऊन मेजवानीला बोलावले. तिथेच त्यांना कापून काढले. फेरिश्ता स्वतः परदेशातून आलेला, त्यामुळे त्याची सहानुभूती कुणाकडे हे उघड आहे. पण घटनेचा गाभा इतिहासकार मान्य करतात.

चाकण जुन्नरहून एका दिवसाच्या घोड्याच्या मजलेवर आहे. आज तिथे मोटारींचे कारखाने आहेत आणि देशभरातून आलेले कामगार कडेच्या चाळींत राहतात. त्या भुईकोटाची उरलेली भिंत पाहताना मला दर वेळी वाटते की मारणारे दखनी हेही दोन-चार पिढ्यांपूर्वी उत्तरेतून आलेल्यांचेच वंशज होते. आधी आलेल्याने नंतर आलेल्याला उपरा म्हणणे, ही खोड फार जुनी आहे.

तव्हेरचा व्यापारी आणि खुरासानचा शेजारी

चाकणनंतर साधारण वीस वर्षांनी, १४७० च्या आसपास, एक रशियन माणूस जुन्नरला आला. अफनासी निकितिन, तव्हेर गावचा व्यापारी. चौलला जहाजातून उतरला आणि घाट चढून पावसाळ्याच्या तोंडाशी इथे पोचला. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. त्यावर त्याचे शंभर रुबल खर्च झाले होते. जुन्नरच्या पावसाचे, चिखलाचे आणि डोंगरावरच्या अरुंद वाटेचे त्याने केलेले वर्णन इथल्या माणसाला ताबडतोब पटते. घोड्यांना खिचडी खाऊ घालतात हेही त्याने नवलाने टिपले आहे. परदेशी व्यापारी इथे सरायांत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांचे रांधून घालतात, असे तो लिहितो. आमच्या गावातल्या परक्यांच्या बिऱ्हाडाची ही आतून केलेली नोंद आहे.

जुन्नरचा अधिकारी असदखान याने त्याचा घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडा देतो आणि वर हजार मोहरा देतो. नाही तर घोडाही गेला आणि दंडही बसेल. विचार करायला चार दिवस दिले. निकितिनच्या ओळखीचे इथे कुणी नव्हते. त्याच्याजवळचे धर्मग्रंथ वाटेत लुटले गेले होते, आपले सण आणि उपास कधी येतात याचा हिशेबही चुकत चालला होता आणि त्याचे दुःख त्याने पुन्हा पुन्हा लिहिले आहे. त्या चार दिवसांच्या अखेरीस खुरासानचा महंमद नावाचा एक वजनदार माणूस जुन्नरला आला. निकितिनने त्याला गाठून गळ घातली. महंमद खानाकडे गेला, रदबदली केली, धर्मांतराचा हुकूम मागे घेववला आणि घोडाही परत आणून दिला.

ही हकिकत धर्माच्या चौकटीत वाचली जाते. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. रशियन ख्रिस्ती माणसाच्या मदतीला खुरासानचा मुसलमान आला. तोही परदेशातून आलेला, म्हणजे दखनींच्या भाषेत गरीबच. चाकणची बातमी त्याच्या लोकांत ताजी असणार. परमुलखात कुणी आपल्यासाठी चार शब्द टाकले नाहीत तर काय होते, हे जाणणाऱ्याने दुसऱ्यासाठी ते टाकले. निकितिन पुढे बिदरला गेला, काही वर्षांनी परतीच्या वाटेला लागला आणि घरी पोचण्याआधी स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याने जुन्नरला काही देणगी दिली नाही. पण एका पावसाळ्यात या गावात परक्याला काय सोसावे लागले आणि कुणी हात दिला, एवढी नोंद त्याच्यामुळे राहिली.

राजधानी आणि तिचे कारागीर

१४९० मध्ये अहमद निजामशहाने स्वातंत्र्य जाहीर केले ते जुन्नरला. पुढे राजधानी अहमदनगरला हलली. शंभराहून जास्त वर्षांनी मलिक अंबराने काही काळ निजामशाहीचा कारभार पुन्हा जुन्नरला आणला. हा अंबर इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकत विकत दख्खनेत पोचलेला हबशी. मोगलांना त्याने वीस-पंचवीस वर्षे दमवले आणि महसुलाची जी घडी घातली तिचे नाव पुढे मराठी राज्यातही आदराने घेतले गेले. शहराच्या पूर्वेला हापूसबागेजवळ जो देखणा घुमट आहे, त्याला लोक सौदागर घुमट म्हणतात. सौदागर म्हणजे व्यापारी. एवढी मोठी इमारत आणि स्मरणात राहिला तो व्यापारी, ही गोष्ट जुन्नरच्या स्वभावाला धरून आहे.

राजे गेले, कारागीर राहिले. कागदी लोकांचा हातकागद पेशवाईत जुन्नरी कागद म्हणून ओळखला जाई. तागाच्या चिंध्या आणि जुनी पोती चुन्यात भिजवायची, कुटून लगदा करायचा, हौदातून गवताच्या चाळणीवर एकेक ताव उचलायचा, भिंतीवर सुकवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचा बोरू ज्यावर सरसर चालला, तो कागद मुसलमान कागद्यांच्या हातचा होता. मराठी राज्याचा इतिहास ज्या दफ्तरांतून आपण वाचतो, त्यांत या मोहल्ल्यांचा घाम मुरला आहे. अदुथुमाने जमीन दिली, इरिलाने पाणी दिले; कागद्यांनी दिलेले हे दान म्हणून कुठे कोरलेले नाही, पण जात तीच.

वाट उलटी फिरली

एकोणिसाव्या शतकात ही वाट उलटी वाहू लागली. आता जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ इथली माणसे घाट उतरून मुंबईला जाऊ लागली. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची मुहूर्तमेढ झाली आणि तेव्हा शहराची उत्तर सीमा मानल्या जाणाऱ्या भागात, परळ-लालबागकडे, गिरण्या आणि चाळी उठल्या. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतल्या शंभरांपैकी सुमारे ८४ माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. यवन आणि शक ज्या अर्थाने जुन्नरला आले, त्याच अर्थाने आमची माणसे मुंबईच्या कडेला जाऊन राहिली.

त्यांचे बिऱ्हाड म्हणजे गावकीची खोली. एका खोलीत पंधरा-वीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. भाडे वाटून, जेवण खानावळीत. कुणी गोदीत, कुणी मसजिद बंदरला पाठीवर पोती वाहणारा माथाडी, कुणी भाजीबाजारात. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी डबे पोचवण्याचा धंदा सुरू केला आणि त्यात मुख्यतः मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या पट्ट्यातलीच माणसे आली. १९६९ साली माथाडी कायदा झाला तोवर हमालाच्या मजुरीला काही ठिकाणाच नव्हता. मी मुंबईच्या रात्रीच्या गाडीवर तिकिटे फाडली, तेव्हा या खोल्यांची दुसरी आणि तिसरी पिढी माझ्या गाडीत असे. यात्रेला चाललेला माणूस 'गावाला चाललो' म्हणे आणि परतताना 'खोलीवर चाललो' म्हणे. मुंबईला 'घरी' जातो असे म्हणणारा माणूस मला क्वचित भेटला.

या माणसांचे लेख कुठे आहेत? ते आमच्या गावांत आहेत. जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही ग्रामदैवताच्या देवळात जा. सभामंडपाच्या खांबावर किंवा पाण्याच्या टाकीवर संगमरवरी फरशी दिसेल: अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई, यांच्यातर्फे. मंडप आणि पाणी. दोन हजार वर्षांनी दानाच्या वस्तू बदललेल्या नाहीत. प्राकृतात ज्याला मटप म्हटले तो आजचा मंडप, आणि जिला पोढी म्हटले ती आजची टाकी.

फरक एकच आहे आणि तो मोठा आहे. इरिलाने पोढी दिली ती जिथे आला तिथे. मुंबईकराने टाकी दिली ती जिथून गेला तिथे. त्याने गावकीच्या खोलीत चाळीस वर्षे काढली, शहराचे ओझे वाहिले, शहराला वेळेवर जेवू घातले, पण आपले नाव कोरायला तो गावी आला. त्या शहरात आपले नाव राहील असा भरवसा त्याला वाटला नसावा. परका गावचा झाला की नाही याची ही कसोटी मला सापडली आहे. तो आपल्या दानाचा दगड कुठे बसवतो ते पाहावे. तो इथे बसवत असेल, तर गावाने त्याला जागा दिली. तो दूरच्या गावी बसवत असेल, तर कडेच्या वस्तीत त्याचे आयुष्य गेले, पण त्याचे मन तिथे उतरले नाही. आणि त्याचा दोष एकट्या त्याच्यावर टाकता येत नाही.

या दोन्हींच्या मधली एक जागा भीमाशंकर आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा तिथे देवळापुढे टांगलेली आहे. ख्रिस्ती देवळासाठी ओतलेली घंटा ज्योतिर्लिंगाच्या आवारात आहे आणि यात्रेकरू तिला परकी म्हणून टाळत नाहीत. त्याच भीमाशंकरला मुंबईच्या डबेवाल्यांनी धर्मशाळा बांधली. आळंदी, जेजुरी आणि पैठण इथेही त्यांच्या धर्मशाळा आहेत. हे दान ना त्यांच्या स्वतःच्या गावाला, ना मुंबईला. ते वाटेवरच्या माणसाला आहे. स्वतः पथारीवर दिवस काढलेल्यांनी दुसऱ्यासाठी छप्पर उभारले. निकितिनसाठी रदबदली करणारा खुरासानचा महंमद मला या लोकांच्या रांगेत दिसतो.

आता आमच्या आळीतल्या मागच्या खोल्यांकडे पाहतो तेव्हा हा सगळा इतिहास एका व्यवहारी प्रश्नावर येऊन थांबतो. तिथला गवंडी ज्या पाण्याच्या टाक्या बांधतो त्यांवर त्याचे नाव नसते. तो पैसे बिहारमधल्या गावी धाडतो. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातून नारायणगावच्या मजूर अड्ड्यावर उतरणारी कुटुंबे तर याच तालुक्यांतली, तरी शहरात परकीच. त्यांची मुले इथल्या शाळेत टिकली, इथल्या शिवारातल्या वडाची आणि करंजाची नावे त्यांच्या तोंडी बसली, तर त्यांच्या दानाचा दगड इथे लागेल. नाही तर तो दुसऱ्या कुठल्या गावी लागेल आणि तिथला कुणी अभ्यासक आपल्याविषयी काय म्हणेल, ते आपण मुंबईविषयी म्हणतो त्यावरून कळावे.

वाचकांना माझी एक विनंती आहे. जुन्नर-आंबेगावातल्या, किंवा तुमच्या स्वतःच्या तालुक्यातल्या देवळांवरच्या, शाळांवरच्या आणि टाक्यांवरच्या फरशा उतरवून ठेवा. दिलेली वस्तू, देणाऱ्याचे नाव, तो तेव्हा कुठे राहत होता आणि साल, एवढे चार रकाने पुरेत. जीर्णोद्धारात या फरशा निघतात आणि राडारोड्यात जातात. कातळावरचे लेख इंद्रजींनी उतरवले म्हणून इरिल आपल्यापर्यंत पोचला. संगमरवर कातळाइतका टिकत नाही.